अनुभवाचा दाखला

दिवाळीच्या चार दिवसांत चाकूरची लोकसंख्या एकाएकी वाढते. पुण्याची, हैदराबादची, मुंबईची मुले रात्रीच्या बसगाड्यांतून लातूर-नांदेड रस्त्यावर उतरतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून फराळाच्या ताटाभोवती घरोघर एक जुनीच परीक्षा नव्याने सुरू होते. पूर्वी या परीक्षेत प्रश्न दोनच असत : ‘कुठे असतोस?’ आणि ‘पगार किती?’ अलीकडे त्यांत तिसऱ्याची भर पडली आहे. मुलगा सांगतो, ‘बी. कॉम. झालो.’ काका चकलीचा तुकडा मोडता मोडता विचारतात, ‘रेग्युलर की ऑनलाइन?’ उत्तर ‘ऑनलाइन’ असे आले की काकांच्या तोंडून एक ‘हां’ बाहेर पडतो. मी गेली कित्येक वर्षे मराठीचे व्याकरण शिकवते आहे, पण या ‘हां’ची जात मला अजून लावता आलेली नाही. तो होकार नव्हे, नकारही नव्हे. मुलगी पाहायला आलेली मंडळी पोहे खाऊन ‘कळवतो’ म्हणतात, त्यातलाच तो एक प्रकार आहे.

तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाला शिक्षणातले सगळेच कळते, असा लोकांचा समज असतो. वाणिज्याशी माझा संबंध वाणसामानाच्या यादीपुरता. तरी वर्षातून दहा-बारा आया माझ्याकडे येतात आणि पदराखालून एखादे माहितीपत्रक काढून विचारतात, ‘मॅडम, ही ऑनलाइन डिग्री चालते का?’ ‘चालते का’ हे शब्द मला फार बोलके वाटतात. पाचशेची नोट उजेडात धरून बघावी, तसा तो प्रश्न असतो.

कायद्यातले उत्तर सोपे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० साली दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांचे नियम केले, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर सूचना काढून स्पष्ट केले की, मान्यताप्राप्त विद्यापीठाने अशा पद्धतीने दिलेली पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाईल. अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, कायदा, शेती असे विषय मात्र या पद्धतीने शिकवताच येत नाहीत. तशी पदवी कुणी देऊ केली तर माहितीपत्रक हातात न धरलेले बरे. बाकी कला-वाणिज्याच्या पदवीला सरकारी खिडकीवर अडवणूक नाही. राज्यसेवेच्या परीक्षेला मुक्त विद्यापीठाचा पदवीधर इतरांच्या शेजारीच बसतो.

पण आयोगाचे परिपत्रक काकांनी वाचलेले नसते, आणि नोकरी देणाऱ्या मालकाने तर नसतेच नसते. त्याच्या मनात त्याचे स्वतःचे एक परिपत्रक असते. मला लिहायचे आहे ते त्याविषयी.

आधी थोडा इतिहास सांगते, कारण ही पदवी काल-परवा मोबाईलमधून उगवली, असा पुष्कळांचा समज आहे. लंडन विद्यापीठाने १८५८ सालीच कॉलेजात पाऊल न टाकलेल्या विद्यार्थ्यांना आपल्या परीक्षा खुल्या केल्या. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली टपालाने शिक्षण सुरू केले. इंग्लंडच्या मुक्त विद्यापीठाला १९६९ साली सनद मिळाली आणि १९७१ साली तिथला पहिला पाठ झाला. नेल्सन मंडेलांनी कायद्याची पदवी तुरुंगात राहून, टपालाने अभ्यास करून घेतली. ती त्यांना दक्षिण आफ्रिका विद्यापीठाने १९८९ साली दिली. त्याच १९८९ सालच्या जुलै महिन्यात नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले. पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळलेले राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद त्या विद्यापीठाने घेतले, आणि बारावीच्या अलीकडे शाळा सुटलेल्यांसाठी पूर्वतयारीचा एक शिक्षणक्रम ठेवला. बस-कंडक्टर, पोलीस, अंगणवाडीच्या ताई, लग्न होऊन सासरी आलेल्या मुली अशा लोकांना हे दार उघडले. मराठवाड्यात तर ते फारच कामी आले. आमच्याकडे शिक्षण तुटते ते बहुधा नापास झाल्याने नव्हे. घरातला कर्ता जातो, पाऊस जातो किंवा स्थळ येते. तेवढ्याने ते तुटते.

एक गोष्ट मात्र भाषेच्या शिक्षिकेच्या नजरेतून सुटत नाही. आमच्या आजीच्या पिढीत म्हणत, ‘ती बाहेरून बसली.’ मग विद्यापीठांनी ‘बहिःस्थ’ हा जड शब्द काढला. त्याला वास लागला तसा ‘दूरस्थ’ आला. तोही मळला तेव्हा ‘मुक्त’ आला, आणि आता ‘ऑनलाइन’. वस्तुतः मुक्त विद्यापीठाची पदवी आणि निव्वळ ऑनलाइन पदवी यांत फरक आहे : एकीत पुस्तके घरी येतात, अभ्यासकेंद्रावर रविवारी संपर्कसत्रे होतात, दुसरीत व्याख्यानांपासून सगळे पडद्यावर. पण काकांच्या लेखी दोन्ही एकच. शब्द बदलत गेले, ‘हां’ तोच राहिला.

या ‘हां’ला आधार नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ रोजी काही अभिमत विद्यापीठांनी टपालाने दिलेल्या अभियांत्रिकीच्या पदव्यांचा निकाल लावला. २००१ ते २००५ या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या परीक्षा देऊन पास होईपर्यंत स्थगित झाल्या आणि त्यानंतरच्यांच्या रद्दच ठरल्या. त्या पदवीवर बढती घेऊन दहा-दहा वर्षे खुर्चीवर बसलेल्या माणसांवर पुन्हा परीक्षेची वेळ आली. अलीकडे, २०२४ साली, ‘दहा दिवसांत एम. बी. ए.’ अशा जाहिरातींविरुद्ध आयोगाला लोकांना सावध करावे लागले. दहा दिवसांत आमच्याकडे कैरीचे लोणचेसुद्धा नीट मुरत नाही! तेव्हा मालकाने पदवीचा कागद उलटून पाहिला, तर त्याला दोष कसा द्यावा?

पण मग त्याने तो ‘रेग्युलर’ पदवीचाही उलटून पाहावा. इथे मला आमच्या घरातले थोडे सांगणे भाग आहे. हजेरीपटावर ऐंशी नावे असलेल्या वर्गात मी पावसाळ्यातल्या कित्येक सकाळी अकरा मुलांना शिकवले आहे. उरलेली एकोणसत्तर ‘रेग्युलर’च आहेत. ती प्रवेश घ्यायला येतात, शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला येतात, स्नेहसंमेलनाला हमखास येतात आणि परीक्षेला येतात. त्यांतली निम्मी कुठेतरी कामाला जातात आणि निम्मी कुठेच जात नाहीत. अनेक कॉलेजांचे चित्र यापेक्षा फारसे वेगळे नाही. ‘रेग्युलर’ या शब्दाला मालक जो भाव देतो, तो एका जुन्या आठवणीला दिलेला भाव आहे. मुलगा तीन वर्षे रोज वेळेवर कुठेतरी जात होता, चार मोठ्या माणसांचे ऐकत होता, एवढी ती पदवी पूर्वी सांगत असे. आज ती तेवढेही खात्रीने सांगत नाही.

मालकाला हवे असते ते हेच. लातूरला दाळमिलवाल्यांशी बोलून पाहा. माणूस घेताना पदवी त्यांच्या तोंडात शेवटी येते. ‘टॅली येते का? जीएसटीचे बिल करता येते का? गाडी रात्री अकराला आली तर थांबशील का? शेतकऱ्याशी भांडण न करता पट्टी समजावून सांगता येईल का?’ या प्रश्नांची उत्तरे विद्यापीठ देत नाही. ना जवळचे, ना दूरचे. अनुभव देतो. म्हणून अनुभव मोठा आणि पदवी धाकटी, असा निकाल चटकन लागतो, आणि सगळेच तो मान्य करतात.

मीही करत होते. मग आमच्या मागच्या गल्लीतल्या एका मुलाचे प्रकरण माझ्याकडे आले आणि या निकालातला एक शब्द सगळे गाळतात, हे ध्यानात आले. तो शब्द म्हणजे ‘कागद’.

हा मुलगा बारावीत असताना वडील गेले. धाकटी बहीण, अडीच एकर कोरडवाहू जमीन आणि आई. मुलगा लातूरच्या बाजारात एका अडत दुकानावर जाऊ लागला. सकाळची बस, तासाभराचा रस्ता, रात्री परत. पहिल्या वर्षी पोती मोजली, दुसऱ्या वर्षी काट्यावर बसला, तिसऱ्या वर्षी मुनीम आजारी पडला तेव्हा हिशेब त्याच्या हातात आला आणि पुन्हा कधी गेला नाही. दसऱ्यापासून सोयाबीनची आवक सुरू झाली की दिवसाला शंभरावर पट्ट्या तो करी. जीएसटीची बिले, ई-वे बिले, बँकेचा भरणा, सगळे तोच पाही. हे करता करता त्याने मुक्त विद्यापीठातून बी. कॉम. केले. पुस्तके बसमध्ये वाचली. संपर्कसत्राला मालकाने रविवारी सोडले, पण हंगामात नाही सोडले. सहा वर्षांचे काम आणि एक पदवी. चोविसाव्या वर्षी एवढी पुंजी किती मुलांकडे असते?

बहिणीच्या शिक्षणाचा खर्च वाढला तेव्हा त्याने पुण्याच्या एका कंपनीत अर्ज केला. कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही; गोदामे सांभाळणारी होती आणि हिशेबनीस हवा होता. मुलाखत चांगली झाली. समोरच्या बाईंनी ‘पदवी रेग्युलर आहे का?’ असे विचारले. त्याने ‘नाही’ म्हटले. त्यांनी लगेच पुढचा प्रश्न केला : ‘मग या तीन वर्षांत करत काय होतात?’ हा प्रश्न ऐकून त्याला बरेच वाटले, कारण उत्तर तयार होते. आवक, काटा, पट्टी, भरणा, तो अर्धा तास बोलत राहिला आणि त्या ऐकत राहिल्या. मग त्या म्हणाल्या, ‘छान. आता कागद द्या. नेमणुकीचे पत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक.’

त्याच्याजवळ यातले काहीही नव्हते. पगार रोख मिळे. शेवटच्या दोन वर्षांत मोबाईलवरून, तोही कधी मालकाच्या नावाने, कधी मालकाच्या मुलाच्या. कंपनीने त्याला नोकरी नाकारली नाही, हे सांगितले पाहिजे. तिने त्याला ‘फ्रेशर’ म्हणून घ्यायची तयारी दाखवली, फ्रेशरच्या पगारावर. त्याच पगारावर, त्याच दिवशी, त्याच्याबरोबर गेलेल्या चुलतभावालाही तिने बोलावले. चुलतभाऊ रेग्युलर बी. कॉम. होता आणि त्याने सहा वर्षांत कॉलेजखेरीज काहीच केले नव्हते. कॉलेजही, मी सांगते, बेताचेच. त्या पगारात पुण्यात खोली घेऊन घरी काही उरत नव्हते, म्हणून हा परत आला.

मोठ्या शहरातल्या कंपन्या माणूस घेण्याआधी त्याची पूर्वपीठिका तपासतात. कुठे होता, केव्हापासून, केव्हापर्यंत, हे पाहण्यासाठी निधीच्या खात्याचा आधार घेतात. यात गैर काही नाही. अनुभवाचे खोटे दाखले विकत मिळतात, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण परिणाम काय झाला पाहा. पदवी दूरची म्हणून अर्धी धरली. अनुभव जवळचा, पण कागदावाचून, म्हणून धरलाच नाही. दोन्ही मिळून जे पुरे व्हायला हवे होते, ते चुलतभावाच्या बरोबरीला येऊन थांबले.

त्याची आई माझ्याकडे आली. ‘मॅडम, तुम्ही चला. तुमचा शब्द मालक मोडायचे नाहीत.’ आम्ही तिघे लातूरला गेलो. मालक भला माणूस. गादीवरून उठून त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला. ‘पोरगं सोन्यासारखं आहे, मॅडम. दुकानाच्या चाव्या ह्याच्याजवळ असतात. माझा पोरगा हिशेबात चुकंल, हे चुकायचं नाही.’ मी म्हटले, ‘मग एवढेच लिहून द्या. केव्हापासून आहे, काय काम करतो.’

मालकांचा चेहरा बदलला. ‘लिहून?’ ते म्हणाले. ‘तोंडानं कुणालाही सांगतो. पुण्याला फोन लावून द्या, आत्ता सांगतो. कागद नका मागू.’ का, ते त्यांनी सांगितले नाही. पण मुनीमजींनी नंतर पायरीवर सांगितले. आज सहा वर्षांचा कागद दिला आणि उद्या कामगार खात्याचा माणूस दारात उभा राहिला, तर सहा वर्षांच्या किमान वेतनाचा फरक काढावा लागेल, निधी भरावा लागेल. यातले अर्धे भय पोकळ होते. दुकानात माणसे सात, आणि भविष्य निर्वाह निधीचा १९५२ चा कायदा सर्वसाधारणपणे वीस माणसांपासून पुढे लागू होतो. किमान वेतनाचे भय मात्र पोकळ नव्हते. ते असायलाच हवे होते, असेही मला वाटून गेले. पण चहा त्यांचा पीत होते, म्हणून बोलले नाही.

शेवटी मालकांनी लेटरहेड काढले आणि स्वतःच्या हाताने लिहून दिले : सदर मुलगा माझ्या चांगल्या ओळखीचा असून त्याची वर्तणूक चांगली आहे. खाली सही, शिक्का. सहा वर्षे ज्याच्या हातात दुकानाच्या चाव्या होत्या, तो कागदावर ‘ओळखीचा’ झाला.

घरी येताना बसमध्ये आईने तो कागद दोनदा उलगडून पाहिला. तिला वाचता येते. ती काही बोलली नाही.

तेव्हापासून मी ‘पदवी की अनुभव?’ हा वाद ऐकला की आधी विचारते, कुणाचा अनुभव? पुण्यात संगणक कंपनीत दोन वर्षे काढलेल्या मुलाचा अनुभव महिन्याच्या महिन्याला आपोआप कागदावर उतरत असतो. अडत दुकान, कापडाचे दुकान, खासगी शिकवणी, डॉक्टरांचा दवाखाना, बांधकाम, या ठिकाणी आमची मुले-मुली वर्षानुवर्षे राबतात, आणि बाहेर पडतात तेव्हा हात रिकामे. अशा मुलाला स्वतःच्या हिमतीवर मिळवता येण्यासारखा एकच कागद आहे, आणि तो म्हणजे ही दूरची पदवी. म्हणून तो ती घेतो. तिला हिणवणाऱ्यांना हे कळत नाही. कॉलेज टाळायचे म्हणून ती घेणारे आहेत. पण काम सोडता येत नाही म्हणून ती घेणारे मी त्यांच्याहून अधिक पाहिले आहेत.

उलट टोकही आहे, आणि ते आमच्याच पेशात आहे. कॉलेजात कितीही वर्षे शिकवा, नेट, सेट किंवा नियमात बसणारी पीएच. डी. नसेल, तर नियमित जागेसाठी अर्ज विचारात घेत नाहीत. तासिका तत्त्वावर शिकवून केस पिकलेली माणसे माझ्या ओळखीची आहेत. तिथे अनुभव कागदावर असूनही उपयोग नाही, परीक्षाच हवी. एकूण काय, सरकार परीक्षा पाहते, कंपनी पगाराची पावती पाहते आणि दाळमिलवाला माणूस पाहतो. आणि प्रत्येकाला वाटते की आपणच गुणवत्ता पाहतो.

‘आता परदेशी कंपन्या पदवी मागतच नाहीत’ असे पुण्याहून आलेली मुले हटकून सांगतात. जाहिरातींत मागत नाहीत, हे खरे आहे. पण २०२४ साली हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट यांनी मिळून अमेरिकेतला प्रत्यक्ष हिशेब मांडला, तेव्हा पदवीची अट काढल्यामुळे ज्याचे भले झाले, असा माणूस सातशे नेमणुकांत एकही पुरता निघाला नाही. घोषणा एक आणि निवड एक, हे तिथेही चालतेच.

आपल्या सरकारने या दोहोंची किंमत एकदा चक्क रुपयांत सांगितली आहे. २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना निघाली. लोकांनी तिला ‘लाडका भाऊ’ म्हटले. सहा महिने काम शिकायचे आणि विद्यावेतन घ्यायचे : बारावी झालेल्याला ६ हजार, आयटीआय वा पदविका असेल तर ८ हजार, पदवीधराला १० हजार. काम पुष्कळदा एकाच टेबलावरचे. पण ते संपल्यावर हातात प्रमाणपत्र येई, हे मला त्या पैशांहून मोलाचे वाटले. आमच्या चाकुरातल्या एका मुलीने ते प्रमाणपत्र चौकटीत बसवून भिंतीवर लावले आहे, पदवीच्या वर.

तेव्हा माझ्याकडे येणाऱ्या आयांना हल्ली मी ‘चालते का’चे उत्तर जरा लांबण लावून देते. विद्यापीठ आयोगाच्या यादीत आहे का, आणि त्याच अभ्यासक्रमाला त्याच वर्षी मान्यता आहे का, हे आधी पाहा. मान्यता वर्षावर आणि विषयावर असते, विद्यापीठाच्या इमारतीवर नसते. मुलगा काही काम करत असेल तर पदवी खुशाल घरून करू दे. काही करत नसेल, नुसता मोबाईल घेऊन माडीवर बसणार असेल, तर त्याला कॉलेजात पाठवा. अकरा मुलांत बारावा झाला तरी चालेल. आणि कामावर असेल त्याने पहिल्या महिन्यातच पगार स्वतःच्या बँक खात्यावर मागावा. रोख पैशाला आठवण नसते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या नव्या श्रमसंहिता अमलात आल्या आहेत आणि कामगाराला नेमणुकीचे पत्र देणे मालकाचे कर्तव्य झाले आहे. सहा-सात माणसांच्या दुकानापर्यंत हे पोचायला किती दिवस लागतील ते लागोत, पण ‘कायद्यात आहे, मालक’ एवढे म्हणण्यापुरता आधार मुलांच्या हाती आला आहे. मालकाच्या तोंडावर हे म्हणायला किती धीर लागतो, याची मला कल्पना आहे. चौदा वर्षे नोकरी केलेल्या माणसालाही तो सहज होत नाही.

मुलींची गोष्ट अजून वेगळी आहे. तिच्यासाठी आणखी एक दिवाळी अंक लागेल. घरून पदवी घेणारी सून कामावर जात नसते म्हणून तिच्याजवळ अनुभव नाही, असे मालक धरून चालतो. दोन मुले, सासऱ्यांचे पथ्यपाणी आणि बचतगटाची वही सांभाळून जी पाच पेपर देते, तिच्याजवळ अनुभव नाही!

तो मुलगा पुण्याला गेला नाही. लातूरच्याच एका तेलगिरणीने त्याला घेतले. तिथल्या मॅनेजरांनी त्याला बाजारात काट्यावर बसलेले पाहिले होते. त्यांनी ना पदवी विचारली ना दाखला. नोकरी ओळखीवर मिळाली आणि मगच कागद झाले : नेमणुकीचे पत्र, पगार खात्यावर, आणि एके दिवशी मोबाईलवर निधीचा बारा आकडी क्रमांक. आईने तो आकडा कॅलेंडरच्या मागे पेनने लिहून ठेवला आहे आणि तेच कॅलेंडर पुढच्या वर्षीही खिळ्यावर ठेवायचे, असे तिने मला सांगितले.

अडत दुकानात त्याच्या जागी आता दुसरा मुलगा बसतो. बारावी झालेला आहे, मुक्त विद्यापीठाचा अर्ज भरला आहे. परवा लातूरला गेले होते तेव्हा मी मालकांकडे डोकावले. लक्ष्मीपूजनासाठी नव्या वह्या आणून ठेवल्या होत्या, लाल कापडाच्या. मी त्या मुलाच्या नेमणुकीच्या पत्राचे विचारले. मालक हसले, माझ्यासाठी चहा मागवला आणि म्हणाले, ‘पाडवा होऊ द्या, मॅडम. मग बघू.’